तिसरा खांब

४ फेब्रुवारी, बुधवार

कॅमेरा पोचला. खोक्यात सहाही फिल्म होल्डर आहेत, भिंग आहे, काळं कापड आहे, हे वहिनींनी फोनवर एकेक वस्तू विचारून पक्कं करून घेतलं. "कापडाला त्यांच्या विडीचा वास येईल, धुऊन घ्या भावजी," म्हणाल्या. मी धुणार नाही.

आधी बातमी, मग ती कोणी सांगितली ते, मग बाकीचं. चौतीस वर्षं वर्तमानपत्राच्या टेबलावर दुसऱ्यांची वाक्यं कापत बसलो, ती खोड डायरीतही जात नाही. निवृत्तीला पाच वर्षं झाली, वय सदुसष्ट. आयुष्यात स्वतःची म्हणून एक गोष्ट केली नाही असं मध्यंतरी जेवताना बोलून गेलो. ही म्हणाली, "मुलगी आहे की एक." ते वेगळं.

वहिनींचे यजमान आमच्याच पेपरात फोटोग्राफर होते. बाकीचे रोलच्या रोल उडवायचे, हा पुढे होऊन म्हणायचा, "एकच घेतो." तेच नाव पडलं. एकच गेला त्याला वर्ष होत आलं. हा कॅमेरा त्याचा घरचा: लाकडी, चामड्याच्या भात्याचा, पोस्टकार्डाएवढी फिल्म एकेक करून घेणारा. सुट्टीच्या दिवशी तो हा पाठीवर मारून खाडीवर जायचा. तिथे जुन्या धक्क्याचे पाच लाकडी खांब ओळीत उरले आहेत. बहुतेक वेळा फोटो न काढताच परत यायचा. विचारलं तर, "नाही जमलं अजून." ते जमवायचं राहूनच गेलं. वहिनींना म्हटलं, मी बघतो प्रयत्न करून. त्यांनी लगेच हो म्हटलं याचीच जास्त धास्ती वाटते आहे.

जेवणाच्या टेबलावर कॅमेरा उभा केला. मागे दुधी काच असते, तिच्यावर समोरचं चित्र पडतं, तेही उलटं. काचेवर पेन्सिलीसारख्या बारीक आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन आखले आहेत, फोटो तिरका येऊ नये म्हणून. कापडात डोकं घातलं. खिडकी खाली डोकं वर पाय, आणि ही बादली घेऊन आली.

"काय दिसतंय?"

"तू छताला लटकून चालते आहेस."

"मग बरोबर आहे यंत्र. मी या घरात काय करते ते तुम्हाला सरळ कधी दिसलंय?"

तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली तिने. सिद्धता मांडून मोकळी होते.

७ फेब्रुवारी, शनिवार

फिल्म होल्डरमध्ये भरायची ती ठार अंधारात. भर दुपारी न्हाणीघरात खिडकीला पुठ्ठा लावला, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. फिल्मच्या एका कोपऱ्याला खाचा असतात, त्या उजव्या तर्जनीखाली आल्या की फिल्मचं तोंड आपल्याकडे. मग ती होल्डरच्या खोबणीत सरकवायची आणि वर झाकणपट्टी. पट्टीची एक कड पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो घेऊन झाला.

एक वाया गेलेली फिल्म घेऊन पंधरा वेळा सराव केला. हात शिकले. पण अंधारात छाती का धडधडत होती कळेना. चुकलो तर काय, एक फिल्म जाईल. तरी सदरा घामाने भिजला.

"अहो, आत आहात की मोरीतून वाहून गेलात?"

बाहेर आलो तेव्हा उजेड डोळ्यांत घुसला. थोडा वेळ समोर एक करडा ठिपका तरंगत राहिला. अंधारातून आल्यावर असं होतंच.

११ फेब्रुवारी, बुधवार

पहिल्यांदा खाडीवर. पहिले तीन फोटो घेतले. साक्षीला एक बगळा.

सकाळी साडेसातला पोचलो. ओहोटी होती पण पुरती नाही. महिन्यातून दोनदाच पाणी पार मागे जातं आणि खांब बुडापासून उघडे पडतात, असं मासे पकडायला बसलेला एकजण म्हणाला. तिवई चिखलात रोवायला वीस मिनिटं, आडवी पातळी साधायला दहा. पाच खांब असे बसवले की तिसरा बरोबर मधल्या उभ्या रेघेवर यावा. मग डावा डोळा मिटून उजव्याला भिंग लावलं आणि काचेवर टेकून चित्र स्पष्ट करू लागलो.

तिसरा खांब मधेच वाकलेला दिसला. गुडघ्यात मोडल्यासारखा. वर सरळ, खाली सरळ, मधे पोक.

आधी वाटलं खांबच तसा. कापडातून बाहेर येऊन पाहिलं, सरळसोट आहे. पुन्हा आत गेलो आणि मग लक्षात आलं की खांबाबरोबर काचेवरची रेघही वाकली आहे. रेघ तर खाडीतली नाही, काचेवरची आहे. म्हणजे काचेतच दोष. एकचच्या हयातीत हे त्याच्या लक्षात आलं नसेल? का म्हणूनच जमत नव्हतं त्याचं?

घेतले तीन फोटो तसेच. परत येताना उजव्या खांद्याला कोणीतरी धडकलं आणि वर मलाच म्हणालं, "दिसत नाही का?" लोकांना रस्त्याने चालायची शिस्त राहिलेली नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन फोटोंपैकी एक चांगला आला, असं हिनेही मान्य केलं. दुसरी फिल्म पट्टी उलटी घालून पुन्हा वापरली गेली, तिच्यावर दोन खाड्या एकमेकींवर चढून बसल्या आहेत. पांढरी कड, काळी कड! पंधरा वेळा सराव केलेला माणूस.

चांगली फिल्म वाळल्यावर खिडकीशी धरली. पाचही खांब सरळ. म्हणजे लेन्स निर्दोष, भाता निर्दोष. उरली काच. बातमीतला दोष शोधतानाही आम्ही असंच करायचो, एकेकाला घरी पाठवायचं, शेवटी जो टेबलाशी उरेल तो गुन्हेगार.

चहा ओतताना थोडा बशीत गेला. किटलीची तोटी वाकडी झाली असावी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काच सरळ आहे. दुरुस्तीवाल्याने पोलादी पट्टी लावून दाखवली.

त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. घड्याळं, कॅमेरे, चष्म्याच्या दांड्या, सगळं एकाच टेबलावर. कपाळावर स्वतःचं भिंग, तिसऱ्या डोळ्यासारखं. एकच त्याच्याकडेच यायचा.

"साहेब, पट्टी सरळ, रेघ सरळ. वाकडं काय ते मला दाखवा."

"भिंगातून बघा."

त्याने बघितलं. "सरळ."

"तुम्हाला सवय झाली असेल."

"सरळ बघायची सवय कुणाला लागलीय साहेब आजवर?" त्याने दुसऱ्या मोडक्या कॅमेऱ्यातली चौकोनांची काच काढून बसवून दिली. "ही परदेशी आहे. हिचं तुमच्याशी पटतंय का बघा."

निघताना माझ्याकडे जरा रोखून पाहत होता. हट्टी गिऱ्हाईक म्हणून असेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नवी काचही वाकडी. परवा पाणी पार मागे गेलं होतं, तो दिवस या भानगडीत गेला. आज घरच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या नळावर नेम धरला. नळ मधेच पोक काढतो, नवी रेघही.

हिला बोलावलं. कापडात डोकं घालून बराच वेळ होती.

"सरळ आहे."

"नीट बघ."

"अहो, समांतर रेघा ओळखण्यात माझा जन्म गेला."

तिला भिंग धरायची सवय नाही. कापडाखालून बाहेर आली ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही कुठल्या डोळ्याने बघता?" म्हटलं, उजव्या, सगळेच उजव्या डोळ्याने बघतात. "बरं," म्हणाली आणि भाजी निवडायला गेली. हिचं "बरं" मला कधीच आवडत नाही.

माझा संशय आता काचेच्या चौकटीवर आहे. स्क्रू जास्त आवळले की काच ताणली जात असेल. स्क्रू सैल करायला गेलो तर पेचकस दोनदा खाचेच्या बाजूलाच टेकला. स्क्रूसुद्धा झिजलेले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हिला डोळे तपासून घ्यायचे आहेत. ६ मार्चची वेळ मिळाली आहे, डॉक्टरच्या स्वागतिकेने फोन करून पक्की केली. मी सोबत यावं म्हणते. म्हटलं, तुझ्या डोळ्यांत माझं काय काम? शिवाय त्या आठवड्यात फिल्म धुवायच्या असतील. "औषध घातल्यावर अंधुक दिसतं, धरून आणायला कोणी नको?" रिक्षा आहेत की, म्हटलं. यावर "बरं" आलंच.

हल्ली हिला एक नाद लागला आहे. सकाळी पेपर मोठ्याने वाचते. मला वाचायचा असतो, पण पाहावं तर पेपर हिच्या हातात. शीर्षकं वाचून वर म्हणते, "हे कोणी लावलंय हो? तुम्ही असतात तर?" मग मी बोलत बसतो. जिन्यातला दिवाही बदलून भगभगीत लावला आहे. चहाचा कप ठेवते तो कान बरोबर माझ्या उजव्या हाताला येईल असा फिरवून. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाल्यावर एवढी बडदास्त! म्हातारपणी माणसं मऊ होतात म्हणतात ते खरं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

छपाई बिघडलेली नाही, असं छपाईच्या फोरमनने फोनवर सांगितलं.

मीच फोन केला होता. पेपरातले बारीक टाइप भिंग लावून पाहिले तर ओळीच्या मधलीच दोन-तीन अक्षरं पुसट. ओळ कुठलीही घ्या, मधली अक्षरं गायब. अशी छपाई मी खपवून घेतली नसती. फोरमन जुना माणूस, आदराने बोलला. "साहेब, प्लेट तुमच्यासमोर असल्यासारखी तपासली. चोख आहे." पाठीमागे कोणीतरी हसल्याचं ऐकू आलं.

म्हणजे दोष भिंगाचा. हे आधी सुचायला हवं होतं! खांब, रेघ, अक्षर, सगळीकडे भिंग सारखंच. जीव भांड्यात पडला. दुपारी नवं भिंग घेऊन आलो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

नव्या भिंगातूनही तसंच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज शिस्तीत तपासणी केली. कॅमेरा आडवा होता तो उभा केला. दोष काचेत असता तर काचेबरोबर फिरला असता. फिरला नाही. काच काढून उलटी बसवली. वाकण मधेच. नुसती काच हातात धरून खिडकीशी पाहिली. मधेच. मी जिथे बघतो तिथे ते येतं. माझ्या नजरेआधी तिथे जाऊन बसलेलं असतं.

याचा अर्थ काय ते लिहायला घेतलं आणि खोडलं. चष्म्याचा नंबर बदलला असेल.

वडिलांची आठवण आज कारण नसताना दोनदा झाली.

२ मार्च, सोमवार

दुरुस्तीवाल्याने सांगितलं ते तसंच्या तसं लिहितो.

दुसऱ्यांदा गेलो. म्हटलं, भाता तपासा, काहीतरी आत वाकलंय. त्याने कॅमेऱ्याला हात लावला नाही. हातातलं घड्याळ फडक्यावर पालथं ठेवलं.

"साहेब, बसा. भिंग लावा. रेघ दिसते?"

"दिसते. वाकडी."

"आता तो मिटा आणि डाव्याला लावा."

लावलं. रेघ सरळ. पहिली, दुसरी, मधली, सगळ्या सरळ, वहीत आखल्यासारख्या.

मी पुन्हा उजव्याला लावलं. वाकडी. डाव्याला, सरळ. किती वेळा केलं माहीत नाही. त्याने मधे बोलून त्रास दिला नाही. शेवटी म्हणाला, "मागच्या खेपेलाच बोलणार होतो. पण तुम्ही शिकलेले, मी जिन्याखालचा."

"चष्म्याचा नंबर असेल."

"असेल. पण नंबर बदलला तर सगळंच धूसर होतं साहेब, मधलाच एवढा तुकडा बिघडत नाही. माझ्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. उद्याच दाखवा. परवा नको."

हिला सांगितलेलं नाही.

३ मार्च, मंगळवार

आज पाणी पार मागे गेलं होतं. डॉक्टरकडे न जाता खाडीवर गेलो. लिहून ठेवतो, कोणावर ढकलत नाही.

डाव्या डोळ्याने चित्र लावलं. सवय नसल्याने नाक कॅमेऱ्यावर आपटत होतं. खांब बुडापासून उघडे, शिंपले चिकटलेले, पाची सरळ. पट्टी ओढायच्या वेळी वारा सुटला, कापड उडून चिखलात पडलं, तिवई थरथरू लागली. चाळीस मिनिटं थांबलो. पाणी परत आलं. एकही फिल्म घेतली नाही. एकच असाच परत येत असणार.

पुढची मोठी ओहोटी १९ तारखेला. हिशेब असा: एकदा डॉक्टरच्या हातात सापडलो की हे करू नका, ते उचलू नका सुरू होईल. तर १९ ला फोटो, २० ला डॉक्टर. सतरा दिवसांनी काय बिघडतं? इतके दिवस गेलेच ना.

वडिलांचा पडदा गेला तेव्हा ते सत्तरीला होते. आधी म्हणायचे घड्याळाचा काटा वाकलाय. नवं घड्याळ आणून दिलं होतं मी. ते पुढे सात वर्षं जगले, खिडकीकडे तोंड करून. मी पेपर वाचून दाखवायचो. कप हातात द्यावा लागायचा.

५ मार्च, गुरुवार

सकाळपासून एक खेळ चालला होता. डावा डोळा मिटायचा आणि काय काय नाहीसं होतं ते बघायचं. घड्याळाचे काटे. दाराची कडी. फोटोतल्या मुलीचा चेहरा, नुसते केस आणि फ्रॉक. पंधरा दिवसांपूर्वी वाकायचं, आता मधे करडा डाग आहे. रोज थोडी थोडी जागा बळकावतोय.

जेवताना हिच्याकडे तसंच पाहिलं. कुंकू होतं, हनुवटी होती, मधे कोणी नव्हतं.

"या वयात कोणाला डोळा मारताय?"

तिने पोळी खाली ठेवली.

"आणि डाग किती मोठा झालाय?"

"तुला दुरुस्तीवाल्याने सांगितलं?"

"मला कोणी कशाला सांगायला हवं? चहा बशीत, चावी कुलपाच्या बाजूला, जिन्यात भिंत चाचपत उतरता. मामंजींचं सगळं मी केलंय. कपाचा कान उजवीकडे ठेवायचं तुमच्या आईने शिकवलं होतं मला."

कपाचा कान. मी डायरीत बडदास्त लिहून मोकळा झालो होतो.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून तुम्ही गेला असतात? १९ फेब्रुवारीलाच विचारणार होते, तर तुम्ही स्क्रू पिळत बसलात. म्हणून माझे डोळे दाखवायचेत म्हटलं. उद्याची वेळ तुमच्या नावावर आहे. पहिल्या दिवसापासून."

"१९ मार्चला ओहोटी आहे."

"खाडी कुठे जाते?" तिचा आवाज चढला. एकेचाळीस वर्षांत चारदा चढला असेल. "सांगा ना, खाडी कुठे जाते? आणि माझंही चुकलंच. तुमच्या कलाने घेत बसले, पंधरा दिवस घालवले. तेव्हाच दंडाला धरून न्यायला हवं होतं."

मग उठून पानं उचलली. दोघांचीही अर्धी राहिली होती.

६ मार्च, शुक्रवार

उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध, खालच्या बाजूने एक रक्तवाहिनी पाझरते आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातला फोटो दाखवून सांगितलं. फोटो चांगला होता, बारकावे सगळे.

त्याआधी एक गंमत झाली, गंमत म्हणायची तर. बाईंनी खणातून एक कागद काढला आणि एक डोळा झाकून बघा म्हणाल्या. कागदावर आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन, मधे एक ठिपका. मला हसू आवरेना. बाईंना वाटलं मी घाबरलोय. तेही होतंच.

"या रेघा कुठे वाकड्या दिसतात?"

"मधे. हा कागद माझ्याकडे आहे. काचेचा."

ते समजावून सांगायला जरा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "हे कधीपासून? साधारण सांगा, कोणालाच आठवत नाही."

ही डायरी पिशवीत होती. बाहेर थांबलो होतो तेव्हा, थेंब घालायच्या आधी, डाव्या डोळ्याने पहिल्यापासून वाचून काढली होती. पेन्सिलीने खुणा केल्या, जुन्या सवयीने, दुसऱ्याचा मजकूर तपासावा तशा. कुठल्या मूर्खाने लिहिलंय हे, असं किती वेळा वाटलं. सगळी बातमी तिथेच पडली होती आणि शीर्षक काचेचं. करडा ठिपका, ७ फेब्रुवारी. वाकलेली रेघ, ११ फेब्रुवारी, सकाळी आठ. उजवीकडून धडकलेला माणूस. तोटी. पेचकस. छपाई. करडा डाग, ५ मार्च.

वाचून दाखवलं. बाई लिहून घेत होत्या. "इतकं नेमकं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं." मग लेखणी थांबली. "म्हणजे साडेतीन आठवडे. पहिल्याच आठवड्यात आला असतात तर..." पुढचं त्यांनी गिळलं. अपुरी वाक्यं पुरी करणं हा माझा धंदा होता, त्यामुळे मला ते पुरं ऐकू आलं. हिलाही आलं. तिने माझा हात धरला नाही, स्वतःच्या पिशवीचा बंद धरला.

उपाय: डोळ्यात इंजेक्शन. सोमवारी पहिलं, मग दर चार आठवड्यांनी. "पूर्वीसारखं होईल असं मी म्हणणार नाही. पाझर थांबवायचा. थांबला तर रेघा थोड्या सरळ होतातही. आणि डाव्या डोळ्यावर रोज नजर ठेवायची. हा कागद भिंतीवर लावा."

"वडिलांचे दोन्ही गेले होते."

"वडिलांच्या वेळी हे औषध नव्हतं."

येताना थेंबांमुळे सगळंच अंधुक होतं. हिने दंड धरून रिक्षात बसवलं. "रिक्षा आहेत की," एवढंच म्हणाली. माझंच वाक्य, एकाही शब्दाची काटछाट न करता.

८ मार्च, रविवार

एक फोटो घेतला. तो मी घेतला असं मात्र म्हणता येणार नाही.

काल दिवसभर घरात घिरट्या घातल्या. सुई डोळ्यात जाणार याची भीती मी धरून होतो तेवढी नाही, सुई जाऊनही उपयोग झाला नाही तर याची आहे. दर तासाला कागदासमोर उभा राहून डावा डोळा तपासत होतो. सरळ. सरळ. सरळ. एकदा वाटलं कोपरा हलला. पुन्हा पाहिलं, सरळ. संध्याकाळी हिने कागद काढून कपाटात ठेवला. "रोज म्हणाल्या होत्या त्या, दर तासाला नाही. उद्या सकाळी खाडीवर जाऊ."

"उद्या पाणी अर्ध्यावर असेल."

"तुमच्या त्या मित्राला पुरं पाणी गेलेलं हवं होतं. किती वर्षं थांबले?"

मी होल्डर पिशवीत भरायला घेतले.

आज साडेआठला पोचलो. पाणी खांबांच्या कमरेपर्यंत, वारा पडलेला, आभाळ करडं. तिवई मी रोवली, पातळी मी साधली. चित्र लावायची वेळ आली आणि हात थांबले. डाव्याने जमलं असतं कदाचित. पण मला खात्री वाटेना, कशाचीच.

"सरका," म्हणाली आणि पदर खोचून कापडात शिरली. बाहेर नुसत्या तिच्या चपला दिसत होत्या, चिखलाने भरलेल्या.

"विडीचा वास येतोय."

"यायचाच. तिसरा खांब मधल्या रेघेवर घे. चाक हळू फिरव. खांबावरचे शिंपले मोजता येतील इतकं."

मग आतून आवाज आला, शाळेतला.

"सगळं उलटं आहे. पाणी वर, आभाळ खाली."

"रेघ?"

"रेघ सरळ आहे. खांब सरळ आहे. नव्वद अंश."

"बघ नीट."

"तुमच्यासाठी दोनदा बघितलं."

होल्डर मी घातला, बोटाने कड चाचपून: पांढरी. पट्टी ओढली. भिंगाची झडप उघडणारी केबल तिच्या हातात दिली. चार सेकंद मी मोजले, मोठ्याने, तिने दाबून धरलं. पट्टी परत घातली, काळी कड बाहेर, आणि ती तिला तपासायला लावली.

"अजून एक घ्यायचा?"

"नको, एकच," मी म्हणालो, आणि दोघंही जरा वेळ तिथेच उभे राहिलो.

पुढचं असं. उद्या साडेनऊला पहिलं इंजेक्शन, उपाशी जायची गरज नाही असं स्वागतिकेने सांगितलं आहे. डोळ्यावर एक दिवस पट्टी, आठवडाभर पाणी लागू द्यायचं नाही. म्हणून फिल्म पुढच्या सोमवारी, १६ ला धुवायची. ती ही धुणार, मी शेजारी उभा राहून मिनिटं मोजणार. न्हाणीघरात खिडकीला पुठ्ठा आणि फटीत टॉवेल गेल्यावर तिचे आणि माझे डोळे सारखेच, आणि खाचा माझ्या बोटाला पाठ आहेत. फिल्म कशीही आली तरी वहिनींना त्याच दिवशी फोन करायचा.

उजव्या डोळ्याचं ६ एप्रिलला कळेल. बाई नवा कागद देणार आहेत. मी सांगितलं, कागद नको, घरून काच घेऊन येतो.